तलावाची साक्ष

माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं मला फसवलं. गावच्या तलावात गुडघाभर पाण्यात उभा राहून, देवाचं नाव घेऊन तो खोटं बोलला, आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलेल्या अख्ख्या गावानं ते खरं धरलं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण पुढे मी तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि ईश्वर आहे की नाही असल्या गोष्टी बोलणार आहे, आणि तेवढ्यावरून कोणी मला शांत स्वभावाचा अभ्यासू माणूस समजू नये. मी साकोलीत मासे विकतो. भाव करताना माझा आवाज रस्त्यापलीकडे जातो. तत्त्वज्ञान मी उतारवयात शिकायला घेतलं, तेही या एका फसवणुकीपायी.

आमचं गाव दिघोरीच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये. काही घरं धान करतात, काही तलावावर जगतात, आणि आमच्यासारखी काही दोन्ही करतात. तलावातली मासेमारी सोसायटीची आहे. घरटी एक सभासद. बाप गेला की त्याची जागा एका मुलाला मिळते, आणि जो सभासद नाही त्यानं तलावात जाळं टाकायचं नाही. आमच्या वडिलांजवळ वाटायला दोनच गोष्टी होत्या, शेत आणि ही जागा. आजारपणात एकदा त्यांनी आम्हा दोघा भावांना डोंगा पाण्यात काढायला लावला. डोंगा म्हणजे आमची लाकडी होडी. तलावाच्या मधोमध त्यांनी वल्हं थांबवायला सांगितलं आणि म्हणाले, "मोठ्या, शेत तुले. लहान्या, सोसायटी तुले. माह्या मागं भांडू नका."

काठाकडे येताना दादा मला म्हणाला, "सोसायटी तुले भेटली, तं डोंगा तरी मले दे."

मी म्हटलं, "घे." जन्मभर घासाघीस करत आलेल्या माणसानं घासाघीस न करता केलेला तो एकच सौदा.

वडील गेले. तेरवी आटोपली आणि दादानं सोसायटीत सांगितलं की बाबांनी जागा त्याला दिली. शेत तर थोरला म्हणून त्याच्याकडे होतंच. मी सांगितलं, मला दिली. ऐकायला तिसरा माणूस डोंग्यात नव्हता. सोसायटीचे अध्यक्ष नात्यानं आमचे काका लागतात, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. ते म्हणाले, "मंग पान्यात सांगा."

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. ज्याचा साक्षीदार नाही त्यानं तलावात उतरून, पाळीवरच्या देवाकडे तोंड करून बोलायचं. पण बोलायचं एकानंच. दोघांनी एकाच पाण्यात उलटसुलट शपथा घेतल्या तर तलाव नासतो अशी समजूत. एकदा एक जण बोलला की दुसऱ्याचं तोंड बंद. मग पुढची मोठी ओढ होईपर्यंत, म्हणजे सगळे मिळून मोठं जाळं ओढतात तोवर, गाव वाट बघतं. शपथ खोटी असेल तर तलाव दाखवून देतो. जाळं रिकामं येतं, पाळ फुटते, नाहीतर त्याच्या घरचं कोणीतरी जातं. काहीच झालं नाही तर तो खरा.

मी पाळीवर उभा राहून काकाजींशी वाद घालत होतो. आधी कोण उतरणार हे कोणी ठरवलं? थोरला म्हणून तो आधी का? बोलायचं वाक्य आधी पक्कं करा. माझ्या म्हणण्यात चूक काही नव्हती. फक्त मी सौद्याच्या अटी पक्क्या करत असताना दादानं चपला काढल्या, धोतर खोचलं आणि तो पाण्यात गेला. मी मान वळवली तेव्हा त्याचं बोलून झालं होतं.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. तलाव सांडव्यावरून वाहिला. मोठी ओढ झाली तेव्हा जाळं इतकं जड आलं की पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही दोराला हात लावावा लागला. काकाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "पाह्य बे लहान्या, तलावानं सांगतलं."

त्या दिवसापासून मी गावात खोटा. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी वाळीत टाकलं नाही. मला तर प्रेमानं खोटा ठरवलं. लग्नात पंगतीला बसलो की कोणीतरी म्हणायचं, "लहान्यानं सांगतलं का? मंग अर्धंच धरा," आणि सगळे हसायचे, वाढणाऱ्या बायकासुद्धा. ज्याच्याजवळ शेत नाही, जागा नाही, डोंगा नाही, त्याच्याजवळ शब्द तेवढा उरतो. तोही गेला.

मी गाव सोडलं. वरठीला कारखान्याच्या गेटसमोर माशांची पाटी घेऊन बसलो. पाळी सुटली की कामगार सायकली, मोटारसायकली घेऊन बाहेर पडायचे, दमलेले आणि चिडलेले. दमलेल्या माणसाशी भाव कसा करावा हे मी तिथे शिकलो. पुढे साकोलीत बसस्टँडजवळ गाळा घेतला. मला कोणी हात दिला नाही, म्हणून कोणाचे आभारही मानायचे नाहीत. आज आजूबाजूच्या तलावांचा माल माझ्याकडे येतो. आमच्या गावचा येत नाही. तो मी घेत नाही.

गाळ्यावर एक बाई यायच्या. प्राध्यापिका आहेत हे मला नंतर कळलं. एकदा त्यांनी रोहूचे कल्ले उचलून पाहिले आणि विचारलं, "ताजा आहे?"

मी म्हटलं, "ताई, ताजा नसता तर एवढी गर्दी असती का?"

"गर्दी आहे म्हणून ताजा? आज समोरचा गाळा बंद आहे. शिळा असता तरी गर्दी असतीच की."

मागची माणसं हसली. माझं डोकं तापलं. "वकील आहात का?"

"नाही. तत्त्वज्ञान शिकवते."

"त्यात काय विकता?"

"विकत नाही काही. लोक जे विकतात ते उलटून पालटून बघते."

त्या दिवशी त्यांनी मासा माझ्या दरानं नाही, त्यांच्या दरानं नेला. मला तो तोटा लागला नाही. माझ्या बोलण्यातली फट त्यांनी कल्ला उचलावा तशी उचलून दाखवली, ते लागलं. पुढच्या वेळी मी त्यांना विचारलं की हे कुठे शिकवतात. त्या म्हणाल्या, बारावी झाली असेल तर मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात नाव घाला, रविवारी वर्ग असतात. बारावी मी वरठीला असतानाच बाहेरून दिली होती. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अजी, मासोया इकता इकता आता देव इकता का?"

रविवारच्या वर्गात आम्ही मोजकीच माणसं असायचो. माझ्या बाकावर एसटीचे एक कंडक्टर बसायचे. भाविक माणूस, कपाळाला रोज गंध. पहिले काही रविवार तर्कशास्त्राचे होते. शिकवायला त्याच बाई होत्या, तिथे सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी सांगितलं की आपण रोज काहीतरी धरून चालतो आणि त्यावरून काहीतरी काढतो. जे धरून चालतो ते आधारविधान, जे काढतो तो निष्कर्ष. मग म्हणाल्या, तुमच्या ऐकण्यातला एखादा युक्तिवाद फळ्यावर लिहा.

मी उठलो आणि लिहिलं. शपथ खोटी असेल तर तलाव दाखवून देतो. तलावानं काही दाखवलं नाही. म्हणून शपथ खोटी नाही.

कोणाची शपथ, कुठला तलाव, काही सांगितलं नाही. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगदी वैध युक्तिवाद आहे."

माझ्या हातातला खडू मोडला. "वैध म्हणजे खरा?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग काय म्हटलं? वैध म्हटलं ना! इतकी वर्षं गाव तेच म्हणून राहिलं, आता तुम्हीही म्हना!"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या दुकानातला काटा बरोबर असतो ना?"

"असतो."

"त्यात सडका मासा टाकला तर?"

"वजन बरोबरच दाखवणार."

"वैध म्हणजे काटा बरोबर आहे एवढंच. पहिली दोन वाक्यं खरी असतील तर तिसरं खरं मानावंच लागेल. पण ती दोन वाक्यं खरी आहेत का, हे काटा सांगत नाही. ते माल हुंगून बघायचं काम आहे."

मी जागेवर येऊन बसलो. इतकी वर्षं मी गावाच्या निष्कर्षाशी भांडत होतो. मी खोटा नाही, मी खोटा नाही, एवढंच ओरडत होतो. पहिल्या वाक्याला मी कधी हातच लावला नव्हता. खोटं बोललं की तलाव दाखवून देतो, हे कोणी कधी तपासलं? मीही तपासलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वर्षी मीसुद्धा जाळं रिकामं येण्याची वाट बघत होतो.

कंडक्टर मात्र अडून बसले. "मॅडम, आमच्या मावशीच्या गावात एकानं खोटी शपथ घेतली, त्याचा बैल मेला. डोळ्यानं पाहिलेली गोष्ट आहे."

मॅडम म्हणाल्या, "आणि ज्यांनी खोटी शपथ घेतली आणि ज्यांचे बैल जगले, त्यांची गोष्ट तुम्हाला कोण सांगणार?"

कंडक्टर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बाईचं तिकीट फाडणं कठीण आहे."

पुढे ईश्वराचा भाग आला. मला वाटलं होतं, पुस्तकात एकतर देव आहे लिहिलं असेल नाहीतर नाही. तिथे तर सगळा बाजार भरला होता. एकेकानं आपला युक्तिवाद मांडून ठेवलेला आणि समोरच्यानं तो पाडलेला. पहिला युक्तिवाद असा की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, त्या कारणाला कारण असतं, म्हणून कुठेतरी पहिलं कारण असलं पाहिजे, तोच देव. कंडक्टरना हा फार आवडला.

"बस आपोआप चालते का? चालक आहे म्हणून चालते."

मी विचारलं, "आणि चालकाला कोण चालवते?"

"डेपो मॅनेजर."

"त्याला?"

"भंडाऱ्याचं विभागीय कार्यालय."

"त्याला?"

"मुंबई."

"मुंबईला?"

"ते देवालेच माहीत."

मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "बघा, दोघंही बरोबर आहात. कुठेतरी थांबावं लागतं असं यांना वाटतं. थांबायचंच तर तिथेच का, आधीच का नाही, असं तुम्ही विचारताय. हजारो वर्षं माणसं एवढ्यावरच भांडतायत."

एक युक्तिवाद तर निव्वळ सौदा होता. देव असला आणि तुम्ही मानला तर सगळा फायदा, नसला तर नुकसान फार नाही, म्हणून मानून टाका. मला वाटलं, हा माझ्यासाठीच लिहिलाय. पण मी असले सौदे रोज बघतो. घेणाऱ्याला घाई करायची आणि माल झाकून ठेवायचा. मी मॅडमना म्हटलं, "याच हिशेबानं आमच्या पाळीवरचा दगडही मानायला पाहिजे, शेजारच्या गावचाही, आणि जो कोणी उद्या दुकान मांडेल त्याचाही. कोणता मानायचा ते यात कुठे आहे?" त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, हीच हरकत पुस्तकात पुढच्या पानावर आहे. मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. कोणीतरी माझ्या आधी भाव पाडून गेलं होतं.

शेवटी तो प्रश्न आला ज्याच्यासाठी मी बसलो होतो. देवाला सगळं माहीत आहे, त्याला सगळं करता येतं आणि तो चांगला आहे. मग जगात वाईट का होतं? मी हात वर केला आणि माझी सगळी गोष्ट सांगितली. डोंगा, बाबांचं बोलणं, शपथ, जड आलेलं जाळं. विचारलं, "त्याच्या जाळ्यात मासे का आले?"

मॅडमनी भाविकांनी आजवर दिलेली उत्तरं सांगितली. माणसाला वागण्याचं स्वातंत्र्य दिलंय, म्हणून खोटं बोलण्याचंही आहे. देवाचा हेतू आपल्याला दिसत नाही. न्याय पुढे कधीतरी, दुसऱ्या जन्मात होतो. एकाही उत्तराची त्यांनी थट्टा केली नाही. मला मात्र प्रत्येक उत्तरात तोच सूर ऐकू येत होता, आज नाही, उद्या या.

कंडक्टर म्हणाले, "तुम्ही देवावर एवढे चिडता, म्हणजे तुमचा देव आहे. नसलेल्यावर कोण चिडते?"

मी म्हटलं, "आहे. भांडायपुरता आहे."

हसण्यावारी नेलं, पण घरी जाताना ते डोक्यातून गेलं नाही. देव नसेल तर दादानं पाण्यात फक्त पाय ओले केले. तो मला फसवून गेला, पण खोटी शपथ घेतली असं काही झालंच नाही, कारण शपथ ऐकणारं कोणी नव्हतंच. देव असेल तर त्यानं ऐकलं आणि जाळं भरून दिलं. म्हणजे माझी तक्रार मोठी ठेवायची तर मला देव पाहिजे, आणि देव मानला की तक्रार त्याच्यावरच जाते. असा अडकलेला मासा मी पुष्कळदा पाहिलाय. जितकी ओढ देतो तितकी गाठ आवळते.

नीतिशास्त्राच्या वर्गात मॅडमनी मला सोलून काढलं. खोटं बोलणं नेहमीच चूक का, यावर बोलणं चाललं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही गिऱ्हाइकाला परवडत नाही म्हणता. परवडत असतं ना?"

"असतं."

"मग तेही खोटंच."

मी उसळलो. "ते खोटं नाही! परवडत नाही म्हटलं तर गिऱ्हाईकही महाग आहे म्हणतो. मलाही माहीत असतं, त्यालाही माहीत असतं. तो खेळ आहे. दोघं मिळून खेळतात. पाण्यात उभं राहणारा माणूस सांगतो की आता खेळ संपला, आता मी खरं बोलतो. तिथे खोटं बोलला तर मग माणसानं खरं बोलायची जागाच शिल्लक राहात नाही."

मॅडम म्हणाल्या, "हे लिहून काढा. परीक्षेत चालेल." आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला. "पण तुमचा भाऊ खोटं बोलला कशावरून? माणसाची आठवण बदलते. त्याला खरंच वाटत असेल की वडिलांनी जागा त्याला दिली."

मी पुस्तक मिटलं आणि वर्गातून उठून गेलो. जिन्यापर्यंत गेलो असेन. तिथे उभा राहून धुसफुसत होतो आणि एकदम माझ्या लक्षात आलं की उत्तर माझ्याजवळ आहे. परत आत गेलो. दारातूनच सांगितलं, "त्यानं मला डोंगा मागितला. सोसायटी तुले भेटली, तं डोंगा तरी मले दे, असं म्हणून मागितला. जागा त्याला मिळाली असं त्याला वाटत असतं तर असं बोललाच नसता."

"हे त्याला विचारलंत?"

"नाही."

"गावानं?"

"शपथ झाल्यावर विचारत नाहीत."

मॅडमनी विचारलं, "आणि शपथेआधी?"

शपथेआधीही कोणी विचारलं नव्हतं. दोन भाऊ दोन गोष्टी सांगतायत, आणि एकालाही कोणी विचारलं नाही की बाबा नेमकं काय म्हणाले, परत येताना काय बोलणं झालं, डोंगा कोणाकडे गेला आणि का. सगळं पाण्यावर सोपवून म्हातारे मोकळे झाले होते.

उन्हाळ्यात सोसायटीची सभा पाळीवर, आंब्याखाली भरते. सभासद नसलो तरी ऐकायला कोणीही बसू शकतं. मी बायकोला घेऊन गेलो. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, तलाव आटला होता, आणि पाणी तापून मासे उलटे तरंगले होते. अजूनही काठाच्या चिखलात शिंपले पडलेले दिसत होते. दादा झाडाला टेकून जाळं विणत बसला होता. केस सगळे पांढरे. मला पाहून म्हणाला, "लहान्या, जेवला का?" त्याचं हे नेहमीचंच. मला दरवेळी वाटतं, आता हा काहीतरी बोलेल, आणि तो जेवणाचं विचारतो.

सभेचं काम आटोपल्यावर मी उभा राहिलो. काकाजी आता काठी टेकून चालतात, पण अध्यक्ष तेच आहेत. मी म्हटलं, "काकाजी, एक विचारतो. दादाची शपथ खरी कशावरून?"

"तलाव भरला होता म्हनून. साऱ्यायनं पाह्यलं."

"आणि गेल्या साली तलाव आटला, मासोया मेल्या. मग आता कोण खोटा?"

काकाजींनी विचार केला नाही. "तू. तू साकोलीत बसून गावाले बदनाम करून राहिला. जिथं तिथं सांगत फिरते का मले फसवलं. तलावाले राग नाही येनार?"

भोवतालच्या माना डोलल्या. आणि मला राग यायच्या ऐवजी, खोटं वाटेल पण, आनंद झाला. अख्खा अभ्यासक्रम त्या एका उत्तरात होता. तलाव भरला तर दादा खरा. तलाव आटला तर मी खोटा. म्हणजे तलाव काहीच सांगत नव्हता. तो फक्त भरत होता आणि आटत होता, आणि निष्कर्ष आधीच ठरलेला होता. ज्या काट्यात काहीही टाकलं तरी पारडं एकाच बाजूला जातं, तो काटा मी दुकानात ठेवला तर लोक मला धरून मारतील. मी हे त्यांना सांगितलं. थोडं मोठ्यानं सांगितलं.

कोणीतरी म्हणालं, "लहान्या मोठा मास्तर झाला."

मी दादाकडे वळलो. "दादा, तलाव राहू दे. तू सांग. परत येताना तू मले डोंगा मागतला का नाही? काय बोलून मागतला?"

दादाची सुई जाळ्यात थांबली नाही. "म्या पान्यात सांगतलं. आता जमिनीवर कायले?"

सभा अस्वस्थ झाली. काकाजींना वाद मिटवायचा होता, आणि मिटवायची त्यांना एकच रीत माहीत होती. ते म्हणाले, "ठीक आहे. आजवर असं झालं नाही, पन तुह्यासाठी करू. जा, तूही उतर. पान्यात सांग. आम्ही तुले खरा म्हनू. भांडन खतम."

सगळ्यांना ते पटलं. बायकोनं माझी बाही ओढली. "जा ना जी. मांडीभर बी पानी नाही. बोलून या अन् मोकळे व्हा."

इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. पाच-दहा पावलं खाली उतरायचं, एक वाक्य बोलायचं आणि गावात खरा होऊन वर यायचं. बोलायचं तेही खरंच होतं. मी चपला काढल्या, हे मी नाकारत नाही. पाय तापलेल्या मातीवर होते.

तेव्हा दादाची सुई थांबली. तो मान वर न करता, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "जा ना बे. सांगून टाक."

समोरच्याचा चेहरा वाचण्यावर माझं पोट चालतं. मी त्याचा चेहरा पाहिला. तो मला टोमणा मारत नव्हता. तो विनवत होता. या माणसाचा तलावावर विश्वास आहे, गावात कोणाचाही नसेल इतका. खोटं बोलून गेल्यापासून दर ओढीला तो दोर धरताना आज जाळं रिकामं येतं का या धास्तीत असेल, ते मला पहिल्यांदा कळलं. मी उतरलो असतो तर पाण्यानं त्याचं बोलणं पुसलं असतं, आणि त्याला तोंडानं एक शब्द बोलावा लागला नसता.

मला त्याची दया आली. पण मी चपला परत घातल्या.

माझा शब्द पाण्यानं खरा होत असेल, तर त्याचाही पाण्यानं खरा झाला होता. एकाच काट्यावर दोघांना खरं ठरवून घ्यायला मी तिथे गेलो नव्हतो. काकाजींना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग तू खोटाच." बायको वाटभर माझ्याशी बोलली नाही. साकोली जवळ आल्यावर म्हणाली, "तुमाले खरं व्हायचं नाही, तुमाले जिंकायचं आहे." यावर मी अजून विचार करतो आहे. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दोन्ही असू शकतं, पण तुम्ही खाली उतरला नाहीत ते बरोबर केलंत असं मला वाटतं, तरी मी तुमच्या जागी नव्हते. त्यांची ही सवय मला अजून अंगवळणी पडलेली नाही. बरोबर म्हणतात आणि लगेच दार थोडं उघडं ठेवतात.

परीक्षा झाली, मी पास झालो. देव आहे की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. पूर्वीसारखं घाईनं सांगावंसंही वाटत नाही. असेल तर त्याच्याशी माझं जे आहे ते आमच्या दोघांत आहे, त्यात गावानं पडू नये. पण गावचं गावानं द्यायचं आहे, ते त्याच्यावर ढकलून चालणार नाही. पाळीवर बसून निकाल देणारी माणसं होती. त्यांना डोळे होते, कान होते, विचारायला तोंडं होती.

म्हणून हे मी इथे जाहीरपणे मागतो. दादा, बाबा डोंग्यात काय म्हणाले ते तू कोरड्या जमिनीवर, दिवसाउजेडी, माझ्या तोंडावर सांग. आणि काकाजी, तुमची सुटका त्यानंही होत नाही. तुम्ही आणि त्या दिवशी तुमच्यासोबत बसलेले जे कोणी आज हयात आहेत, त्या सगळ्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत बसावं. देवाला मध्ये आणू नये, तलावाला आणू नये, पावसाला आणू नये. एकालाही एक प्रश्न न विचारता तुम्ही मला खोटा ठरवलंत. कशावरून ठरवलंत, याचं उत्तर मला तुमच्या तोंडून पाहिजे.